अनोळखी भागात म्यूल डिअरची शिकार: एप्रिलच्या अर्जापासून फ्रीझरपर्यंतचं प्लॅनिंग

नवीन भागात शिकारीला जायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, हरीण कुठे मिळेल. माझ्या मते प्रश्न उलटा विचारायला पाहिजे, हरीण कुठे नसणार. एक युनिट, म्हणजे राज्याने शिकारीसाठी आखलेला विभाग, हा शेकडो चौरस मैलांचा डोंगराळ मुलूख, आणि तुमच्या हातात जेमतेम पाच-सहा दिवस, त्यातला एक बर्फात नाहीतर चिखलात जाणारच, त्यामुळे घरी बसून नकाशावरचा जेवढा भाग खोडाल तेवढे दिवस तिकडे वाचतात. पुढचं सगळं त्या खोडाखोडीबद्दलच आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे, त्यामुळे हे लिखाण अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींसाठी. उदाहरण कोलोरॅडोचं घेतोय, रायफल सीझन, आउटफिटर म्हणजे पैसे घेऊन शिकारीला नेणारा गाइड नाही, सरकारी जमिनीवर आपलं आपण. वायोमिंग, युटाला नियम वेगळे पण विचार करायची पद्धत तीच.

ज्यांनी हे जनावर पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या चितळापेक्षा मोठं, सांबरापेक्षा लहान. खेचरासारखे मोठे कान, त्यावरूनच नाव पडलं. पांढरं ढुंगण, बारीक शेपटी आणि तिचं टोक काळं. नराचं शिंग आधी दुभंगतं आणि मग प्रत्येक फांदी परत दुभंगते. घाबरलं की चारही पाय एकदम उचलून उड्या मारत जातं आणि बऱ्याचदा थोडं पुढे जाऊन थांबून मागे वळून बघतं. ही शेवटची सवय लक्षात ठेवा.

आधी कागद

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, म्हणजे आपल्या सगळ्यांनाच. ऑनलाइन कोर्स मिळतात, दुसऱ्या राज्याचं कार्ड असेल तर तेही चालतं, पण हे काम हिवाळ्यातच उरकून टाका कारण अर्जाच्या वेळी कार्ड हाताशी पाहिजे.

आता एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावाल्यांनी नीट वाचा. फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. त्यात एक अपवाद आहे, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर चालतं. म्हणजे क्रम उलटा ठेवायचा, आधी लायसन्स मग रायफल, आणि लायसन्सची मुदत संपली की सवलतही संपली, मग कपाटातली रायफलसुद्धा प्रॉब्लेम होऊ शकते. मित्राची रायफल रेंजवर 'जरा हातात धरून बघू' हे सुद्धा लायसन्सशिवाय नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. इमिग्रेशनचा प्रश्न असल्यामुळे एकदा वकिलाला विचारून घ्या, तासाची फी गेली तरी चालेल. कोलोरॅडोत बंदूक विकत घेतल्यावर हातात मिळायला निदान तीन दिवस थांबावं लागतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात दुकानात जाऊ नका.

रेसिडेंट म्हणून फी लागायला राज्यात सलग सहा महिने राहिलेलं असावं लागतं. फरक साधासुधा नाही, रेसिडेंटला हरणाचं लायसन्स काही डझन डॉलरमध्ये पडतं, बाहेरच्याला चारशेच्या वर. नवीनच शिफ्ट झाला असाल तर एक वर्ष थांबलात तरी बिघडत नाही.

तारीख ठरली की अर्धी जागा ठरली

लोक आधी युनिट निवडतात आणि मग सीझन, मी उलटं करायला सांगेन. कारण म्यूल डिअर वर्षभर एका जागी राहतच नाही. उन्हाळ्यात अकरा-बारा हजार फुटांवर झाडं संपतात तिथपर्यंत नर चढलेले असतात, हिवाळ्यात खाली सेजब्रशची झुडपं आणि पिन्यन-जुनिपरची बुटकी झाडं असलेल्या टेकड्यांवर उतरतात. वायोमिंगमध्ये रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत सुमारे १५० मैल चालत जाणारा एक कळप अभ्यासकांनी कॉलर लावून शोधून काढला, आणि ही वाट पिल्लू आईच्या मागे चालत शिकतं, म्हणून दरवर्षी त्याच खिंडी आणि त्याच सोंडा. तेव्हा नुसतं 'या डोंगरावर हरणं आहेत' याला अर्थ नाही, कोणत्या आठवड्यात आहेत ते महत्त्वाचं.

कोलोरॅडोत हरणासाठी साधारण असं असतं. सप्टेंबरमध्ये धनुष्यबाण आणि मधले काही दिवस मझललोडर म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची बंदूक, तेव्हा नर उंचावर. सेकंड रायफल सीझन ऑक्टोबरच्या शेवटाकडे, तेव्हा ते मधल्या पट्ट्यात, आणि खरं सांगायचं तर हा सगळ्यात अवघड काळ, मोठे नर एकेकटे दाट झाडीत दडून बसलेले, उन्हाळ्याची जागा सोडलेली आणि माद्यांकडे अजून लक्ष नाही. थर्ड रायफल नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, माज सुरू होण्याच्या आधीची हालचाल, नर माद्यांच्या कळपांची विचारपूस करायला लागतात. फोर्थ नोव्हेंबरच्या मध्यानंतर, माजाचा काळ, हरणं दिवसाढवळ्या दिसतात आणि म्हणूनच ती लायसन्सं कमी आणि मिळायला कठीण. फर्स्ट रायफल मुळात एल्कचा (म्हणजे याहून मोठ्या जातीच्या हरणाचा) सीझन, तो हरणाच्या हिशोबात धरू नका.

पहिल्यांदा जाणाऱ्याने थर्ड सीझनचा प्रयत्न करावा, नाही जमलं तर सेकंड. थंडी जास्त, पण जनावर दिसण्याची शक्यता बरीच वाढते.

इथे हरणाची जवळपास सगळी लायसन्सं ड्रॉने म्हणजे सोडतीने मिळतात, दुकानातून जाऊन आणली असं होत नाही. अर्ज कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफकडे म्हणजे सीपीडब्ल्यूकडे करायचा, खिडकी मार्चमध्ये उघडते आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी बंद होते. अर्ज करायच्या आधी एक क्वालिफाइंग लायसन्स घ्यावं लागतं, वार्षिक स्मॉल गेमचं घेतलं तर तेवढ्यावर सशांची शिकार पण होते आणि रान ओळखीचं होतं. अर्जात हंट कोड भरायचा असतो. उदाहरणार्थ डी-एम-०६२-ओ२-आर, यात डी म्हणजे डिअर, एम म्हणजे नर, ०६२ हे युनिट, ओ२ म्हणजे सेकंड सीझन आणि आर म्हणजे रायफल. एक अक्षर चुकलं तर मादीचं लायसन्स हातात येतं, म्हणून सबमिट करायच्या आधी बायकोला किंवा मित्राला मोठ्याने वाचून दाखवा.

पहिली चॉइस नाही लागली तर तुम्हाला एक प्रेफरन्स पॉइंट मिळतो, म्हणजे पुढच्या ड्रॉमध्ये नंबर वर लागतो, आणि पॉइंट खर्च होतात ते फक्त पहिली चॉइस लागली तरच. म्हणजे पहिल्या चॉइसला जरा भारी युनिट टाका आणि दुसऱ्या चॉइसला असं युनिट टाका जे शून्य पॉइंटवर निघतं, दुसरं लागलं तर शिकारही झाली आणि पॉइंटही जमा. दोन्ही हुकले तर उन्हाळ्यात सेकंडरी ड्रॉ आणि नंतर उरलेल्या लायसन्सची यादी असते. कोणतं युनिट किती पॉइंटला निघालं याचे ड्रॉ रिकॅप रिपोर्ट सीपीडब्ल्यू फुकट देते. पैसे भरून घ्यायची ॲप पण तोच डेटा छान रंगवून देतात. सोय आहे, नाही असं नाही, पण पहिल्या वर्षी गरज नाही.

युनिट निवडताना मी तीन आकडे बघतो. एक, यशाची टक्केवारी, पण एका वर्षाची नाही, निदान तीन वर्षांची, कारण एका वर्षी लवकर बर्फ पडला की आकडा फुगतो. दोन, शंभर माद्यांमागे नर किती, हे सीझन संपल्यावर हेलिकॉप्टरमधून मोजतात. तीन, त्या युनिटमध्ये सरकारी जमीन किती आणि तिच्यापर्यंत रस्ता आहे का. पन्नास टक्के यश दिसतं पण ते सगळं खासगी रँचवरचं असेल तर तुमच्या काय कामाचं. आणि मागचा हिवाळा कसा गेला ते विसरू नका, २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायव्य कोलोरॅडो आणि पश्चिम वायोमिंगमध्ये बर्फाने हरणं मोठ्या प्रमाणात मेली आणि नंतर तिथली लायसन्सं कापली गेली. जुन्या व्हिडिओवर विश्वास ठेवून तिकडे अर्ज केला तर रिकामा डोंगर बघायला मिळेल.

फोन करा, लाजू नका

आपल्याकडे सरकारी ऑफिसात फोन करायचा म्हटलं की अंगावर काटा येतो, इथे तसं नाही. प्रत्येक भागाचे वाइल्डलाइफ बायोलॉजिस्ट आणि डिस्ट्रिक्ट ऑफिसर असतात, सीपीडब्ल्यूचे हंट प्लॅनर फोनवर बोलतात आणि मनापासून सांगतात. फक्त प्रश्न नीट विचारा. 'हरणं कुठे आहेत' असं विचारलं की उत्तर मिळतं 'सगळीकडे', बोलणं संपलं.

त्याऐवजी आधी अभ्यास करून असं विचारा, मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतोय, तेव्हा हरणं साधारण किती फुटांवर असतात, बर्फ नसेल तर कुठे आणि फूटभर पडला तर कुठे? मागच्या पाच-दहा वर्षांत कुठे आग लागली होती किंवा झाडी कापून चारा वाढवायचं काम झालं होतं का? शिकाऱ्यांची गर्दी कोणत्या रस्त्याला असते? कोणता रस्ता त्या तारखांना बंद असतो? हरणांच्या सीडब्ल्यूडी रोगाचं (त्याबद्दल शेवटी) प्रमाण कसं आहे, या वर्षी टेस्ट सक्तीची आहे का? उत्तरं लिहून घ्या. सीझनच्या तोंडावर ते लोक बिझी असतात, जून-जुलैत फोन केला तर निवांत बोलणं होतं. फॉरेस्ट सर्व्हिसच्या रेंजर ऑफिसलाही एक फोन टाका, रस्त्यांची खरी अवस्था त्यांनाच माहीत असते.

नकाशावरची खोडाखोड

उदाहरणाला अनकंपाग्रे पठार घेऊ, माँट्रोझ गावाच्या पश्चिमेला, डेन्व्हरपासून गाडीने पाच-साडेपाच तास. युनिट ६१ आणि ६२ याच पठारावर आहेत. ६१ साठी लोक वर्षानुवर्षं पॉइंट साठवतात, ६२ त्या मानाने सोपं. वरचा माथा नऊ-दहा हजार फुटांवर, तिथे ॲस्पेन आणि स्प्रूस, माथ्यावरून डिव्हाइड रोड जातो. तिथून ओढ्यांच्या खोल घळी खाली उतरतात, रूबिडो, ड्राय क्रीक, स्प्रिंग क्रीक वगैरे, मधल्या पट्ट्यात पाँडेरोसा पाइन आणि ओकब्रश म्हणजे ओकची झुडपं, त्याच्या खाली पिन्यन-जुनिपर आणि शेवटी सेजब्रश नि शेती. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला सोंड, घळ, खिंड, पठार कळतं, कंटूर वाचता येतात, हा आपला प्लस पॉइंट आहे, इथे पण तेच वाचायचंय.

आता पहिली खोडाखोड. लायसन्स थर्ड सीझनचं आहे आणि बायोलॉजिस्टने सांगितलंय की बर्फ नसेल तर हरणं मधल्या पट्ट्यात असतील, तर माथ्यावरचा सगळा दाट स्प्रूस खोडा आणि अगदी तळाचा भागही तूर्तास बाजूला ठेवा. उरला मधला पट्टा, पण तोही मैलोनमैल.

दुसरी खोडाखोड जमिनीच्या मालकीची. ऑनएक्स किंवा तसलं ॲप घ्या, नाहीतर सीपीडब्ल्यूचा हंटिंग ॲटलस फुकट आहे. नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएम (केंद्र सरकारचं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) यांची जमीन म्हणजे मोकळी जमीन. स्टेट ट्रस्ट लँड नावावरून सरकारी वाटते पण सगळी शिकारीला उघडी नसते, यादीत आहे का ते बघावं लागतं. खासगी जमिनीत पाटी असो नसो, परवानगी घेतल्याशिवाय पाय टाकायचा नाही, आणि जखमी जनावर तिकडे गेलं तरी आधी मालकाला विचारायचं. काही ठिकाणी सरकारी जमिनीचे दोन चौकोन फक्त कोपऱ्याला टेकतात आणि आजूबाजूला खासगी. वायोमिंगच्या एल्क माउंटन प्रकरणात २०२५ च्या मार्चमध्ये टेन्थ सर्किट कोर्टाने कोपऱ्यावरून ओलांडणाऱ्या शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, कोलोरॅडो त्याच सर्किटमध्ये येतं. तरी पहिल्याच वर्षी नवख्या माणसाने असल्या कोपऱ्यांवर प्लॅन उभा करू नये, रँचवाल्याशी हुज्जत घालण्यात सकाळ जाते.

तिसरी खोडाखोड, चारा. म्यूल डिअर गायीसारखं नुसतं गवत खात नाही, झुडपांचे कोवळे शेंडे खातं, बिटरब्रश, माउंटन महॉगनी, सर्व्हिसबेरी, सेजब्रश. सॅटेलाइटवर एकसारखी गर्द हिरवी झाडी दिसली म्हणजे तिथे खालती खायला फारसं नसतं. ठिगळं शोधा, जिथे झुडूप, उघडा उतार आणि दाट झाडी एकमेकांना खेटून आहेत. काही वर्षांपूर्वीचं जळलेलं रान तर हमखास बघण्यासारखं. ॲपमध्ये आगीचा लेयर असतो तो लावा. थंडीत दक्षिणेकडे तोंड असलेले उतार बघा, तिथे बर्फ लवकर वितळतो आणि ऊन लागतं. उलट थंडी कमी असेल तर दिवसा नर उत्तरेकडच्या सावलीत बसतात.

चौथी गोष्ट खोडायची नाही, जोडायची. बसायच्या जागा. म्यूल डिअरची शिकार पायांनी कमी आणि दुर्बिणीने जास्त होते, त्यामुळे अशी टेपाडं आणि सोंडांची टोकं शोधा जिथून समोरचा उतार आठशे-हजार यार्डांवरून अख्खा दिसतो, आणि सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असेल. थ्रीडी नकाशा फिरवून तिथून खरंच दिसतं का बघा. अशा आठ-दहा जागा काढा, त्यातून तीन वेगवेगळे भाग करा. एक मुख्य, एक बर्फ पडला तर खालच्या उंचीवरचा, आणि एक गर्दी झाली तर पळून जायचा. हे भाग एकमेकांपासून गाडीने निदान अर्धा तास लांब असू द्या, नाहीतर एकाच कळपाकडे तीन दिशांनी बघत बसाल.

रस्त्यापासून दोन-तीन मैल आत गेल्याशिवाय मोठा नर मिळत नाही असं सगळे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. सगळे शिकारी तोच सल्ला ऐकून हेडलॅम्प लावून आत जातात, आणि रस्त्याला लागून असलेली एखादी अडचणीची घळ, जिथे गाडी लावायला जागा नाही म्हणून कोणी थांबत नाही, ती तशीच राहते. अशा दोन-तीन जागा पण मार्क करा.

ऑगस्टमध्ये एक वीकेंड प्रत्यक्ष जाऊन या. तेव्हा हरणं वर असतात त्यामुळे ती बघायला जायचं नाही, रस्ते, गेट, गाडी लावायच्या जागा, तंबूची जागा आणि त्या टेपाडावरून काय दिसतं ते बघायला. कुठले रस्ते गाड्यांना उघडे हे फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोटर व्हेइकल यूज मॅपवर असतं, ॲपमधला रस्ता जमिनीवर असेलच असं नाही. आणि तिथली चिकणमाती भिजली की फोर व्हील ड्राइव्ह पण घसरते, पहाटे गोठलेल्या रस्त्यावरून आत गेलात की दुपारी परत येताना काय होईल याचा विचार करूनच आत जा, चाकांच्या साखळ्या ठेवा.

सामान, नेम आणि दम

यावर इंटरनेटवर ढीगभर आहे म्हणून पटपट. रायफल कोणतीही साधी बोल्ट ॲक्शन, .२७०, ६.५ क्रीडमोर, .३०८, काहीही चालेल, कायद्याने किमान .२४ कॅलिबर लागतं. पैसे दुर्बिणीवर घाला. १० बाय ४२ ची बरी दुर्बीण आणि ती बसवायला ट्रायपॉड, हातात धरून बघणं आणि ट्रायपॉडवर बघणं यात इतका फरक आहे की एकदा बघितलं की परत हातात धरवत नाही. रायफल सीझनमध्ये भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कापड ५०० चौरस इंच अंगावर आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची, कॅमो प्रिंट त्यात मोजत नाही असं समजून सलग रंगाचंच घ्या.

नेमाची प्रॅक्टिस रेंजच्या टेबलावर करून उपयोग नाही. बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून, सॅकवर रायफल ठेवून, पळून दम लागल्यावर अशी करा. ज्या अंतरावर त्या स्थितीत दहापैकी दहा गोळ्या ताटलीएवढ्या वर्तुळात बसतात ती तुमची मर्यादा, बहुतेकांची दोनशे-अडीचशे यार्ड निघते आणि तेवढी पुरते. व्हिडिओतले सहाशे यार्डवाले सोडून द्या.

उंचीचा त्रास गांभीर्याने घ्या. डेन्व्हर सोळाशे मीटरवर, पठाराचा माथा जवळजवळ तीन हजारावर. टेक्सास, न्यू जर्सीतून येत असाल तर दोन दिवस आधी या, पाणी पीत राहा, पहिल्या रात्री दारू नको. डोकं दुखतंय, उलटी होतेय आणि कमी होत नाहीये तर खाली उतरायचं, हट्ट नको. मोबाइलला रेंज नसते, सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने तरी घ्या आणि रोज कुठे जाणार ते घरी कळवा.

प्रत्यक्ष दिवस

सीझन सुरू व्हायच्या दोन दिवस आधी पोचलात तर शिकार तेव्हाच सुरू झाली, फक्त रायफल गाडीत. त्या दोन दिवसांत जमेल तेवढ्या बसायच्या जागांवर जाऊन नुसतं बघा, नकाशावर परत खोडा. नॅशनल फॉरेस्टमध्ये साधारण १४ दिवसांपर्यंत फुकट तंबू टाकता येतो, तेव्हा राहायचा प्रश्न नाही, थंडीचा आहे. शून्य फॅरनहाइटची स्लीपिंग बॅग थोडी जड वाटली तरी आणा.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बार टाकता येतो, म्हणजे त्याच्याही आधी अंधारात जागेवर पोचून घाम वाळलेला पाहिजे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, ते सीझनच्या आसपासच येतं, लक्षात ठेवा.

बघायचं कसं, तर आधी उघड्या जागा भरभर, मग झाडीच्या कडा, आणि मग समोरच्या उताराचे पट्टे पाडून डावीकडून उजवीकडे, दुर्बीण थोडी सरकवायची, थांबायचं, डोळे सगळ्या चौकटीत फिरवायचे, परत सरकवायची. अख्खं हरीण शोधू नका. कान, शिंगाचं टोक, पाठीची आडवी रेघ, पांढरं ढुंगण. पठारावर एकदा ओकब्रशचा पानगळ झालेला करडा पट्टा मी दोनदा नीट बघून रिकामा म्हणून सोडला होता. नऊ-साडेनऊला ऊन त्या झुडपांत शिरलं, सावली सरकली आणि तिथे बसलेल्या नराने माशी हाकलायला एक कान हलवला, बास तेवढंच. मग त्या कानाला जोडून डोकं दिसलं, डोक्याला शिंगं, आणि ज्याला मी इतका वेळ वाळकी फांदी समजत होतो ते शिंगच होतं. म्हणून दहा वाजता उठून तंबूत चहाला जाऊ नका, बसलेली हरणं ऊन सरकलं की उठून जागा बदलतात, तो वेळ सोन्याचा.

वारा हा सगळ्यांचा बाप. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढायला लागते, संध्याकाळी परत खाली. मधला बदलाचा अर्धा-पाऊण तास वारा कुठूनही येतो, तेव्हा जवळ जायचं नाही, नुसतं बघत बसायचं. नर सहसा उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात, वाऱ्याच्या आडोशाला बसतो, पाठीमागून वास आणि समोरून नजर. त्याच्यापर्यंत जायचं तर सोंडेच्या पलीकडून चढून, वरून उतरायचं. निघण्यापूर्वी तो बसलाय तिथल्या झाडाचा, दगडाचा फोटो काढा, कारण पलीकडून सगळं वेगळं दिसतं आणि ते झुडूप कोणतं हेच कळत नाही.

एका जागी एक सकाळ आणि एक संध्याकाळ बसून ताजे ठसे, लेंड्या, मादी, पिल्लू, काहीच दिसलं नाही तर जागा सोडा. नकाशावर तासन् तास घालवलेत म्हणून तिथेच चिकटून बसणं हा नवख्यांचा खास रोग आहे. थर्ड सीझनला मात्र माद्यांचा कळप दिसला आणि नर नसला तरी तो भाग सोडू नका, दुसऱ्या दिवशी नर तिथे येऊ शकतो.

बार झाल्यानंतर

आडवं उभं असेल तरच, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या थोडं वर. उठून उड्या मारत निघालं तर पळत्यावर बार नको, वर सांगितली ती थांबून बघायची सवय, रायफल टेकवून तयार राहा. बार झाला की लगेच पळत जाऊ नका, परत काडतूस भरा, अर्धा तास तिथूनच लक्ष ठेवा, शेवटचं कुठे दिसलं ते ॲपवर मार्क करा.

जनावर मिळालं की पहिलं काम टॅग, म्हणजे लायसन्सबरोबरची चिठ्ठी जनावराला लावणं, सेल्फी नंतर. टॅगवर तारीख-सही करून लावायचा, आणि नर असल्याचा पुरावा मांसाच्या एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे, तो कसा ठेवायचा हे सीपीडब्ल्यूच्या नियमांच्या ब्रोशरमध्ये चित्रासकट आहे, घरीच दोनदा वाचून जा. खाण्यालायक मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे.

पोट न फाडता कातडी एका बाजूने सोलून पुढचा पाय, मागचा पाय, पाठीची लांब पट्टी काढायची, मग उलटवून दुसरी बाजू, आणि शेवटी आतल्या दोन छोट्या पट्ट्या, ही पद्धत एकट्या माणसाला सोपी. सुरी बदलायच्या पात्याची, हातमोजे, आणि मांस ठेवायला कापडी पिशव्या. प्लास्टिकमध्ये गरम मांस घातलं तर वाट लागते. झाडाच्या सावलीत टांगा, वारा लागू द्या, चार अंश सेल्सिअसच्या खाली उतरायला पाहिजे. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस साधारण २५ ते ३५ किलो भरतं, म्हणजे तुमची रायफल नि सामान धरून दोन खेपा. तेव्हा खोल घळीच्या तळाशी बार टाकण्यापूर्वी वर चढण किती आहे हे बघा. रात्रभर ठेवायचं असेल तर तंबूपासून लांब आणि उंच टांगा, काळं अस्वल नोव्हेंबरच्या सुरुवातीला पण फिरत असतं.

टेस्ट आणि स्वयंपाकघर

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणजे सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतच पहिल्यांदा लक्षात आला. प्रायॉन म्हणजे बिघडलेल्या घडणीच्या प्रथिनामुळे होतो, शिजवून जात नाही, आणि आजारी जनावर बऱ्याचदा धडधाकट दिसतं. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे की अशा भागातलं हरीण टेस्ट करून घ्या आणि पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका. मुंडकं सीपीडब्ल्यूच्या टेस्ट सेंटरवर द्यायचं, काही युनिटना काही वर्षी ते सक्तीचं असतं. मेंदू आणि मणका कापू नका, सगळं मांस हाडावरून सोडवून घ्या. दुसऱ्या राज्यात घेऊन जाणार असाल तर बहुतेक ठिकाणी हाडं काढलेलं मांस आणि साफ केलेली कवटी एवढंच नेता येतं. शिंगं पुण्याच्या घरात लावायची स्वप्नं बघू नका, भारतीय कस्टम आणि वनखात्याच्या कचाट्यात कशाला अडकायचं.

रिपोर्ट येईपर्यंत पाकिटांवर टॅगचा नंबर आणि कोणता भाग ते लिहून फ्रीझरमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी शनिवारी बाहेर काढून वितळायला ठेवतं. प्रोसेसरकडे म्हणजे मांस कापून पॅक करून देणाऱ्याकडे देत असाल तर 'माझं वेगळं ठेवा, दुसऱ्याच्यात मिसळू नका' हे सांगायला लागतं, न सांगता होत नाही.

निगेटिव्ह आला की मग आपलं राज्य. या मांसाला चरबी जवळपास नसते, त्यामुळे बोकडाच्या अंदाजाने कुकरला लावलं तर पाठीची पट्टी चिवट होते. ती जाड कापून, मीठ-मिरी-हळद, कडकडीत तव्यावर तुपात दोन-दोन मिनिटं, आत गुलाबी असतानाच उतरवा. खांदा आणि मानेचं मांस मात्र कांदा-खोबऱ्याच्या काळ्या वाटणात मंद आचेवर दोन-अडीच तास, आणि उरलेल्याचा खिमा करताना थोडी बोकडाची चरबी मिसळा, नाहीतर कोरडा होतो.